चौघं कुठून आले

दिल्लीतल्या एका घराचा पत्ता हेच एका अल्बमचं नाव आहे : '१६/३३० खजूर रोड'. 'इंडियन ओशन' या बँडने २०१० मध्ये तो काढला आणि दर महिन्याला एक गाणं याप्रमाणे इंटरनेटवर सगळ्यांना फुकट दिला. करोल बागेतल्या या जुन्या बंगल्यात बँडमधले चौघं वर्षानुवर्षं तालीम करत. नागपूरहून रात्रीच्या गाडीने मी दिल्लीला निघाले तेव्हा बाकीचा कार्यक्रम कच्चा होता. खजूर रोडला जायचं एवढं पक्कं होतं.

डोक्यात मात्र दुसराच एक बँड घोळत होता. त्या हिवाळ्यात मी अमेरिकेतलं ब्लूग्रास संगीत पुष्कळ ऐकत होते. मॅन्डोलिन, फिडल, पाच तारांचा बँजो, गिटार आणि उभा बेस. तालवाद्य एकही नाही, तरी लय अशी की बसल्या जागी पाय हलायला लागतो. केंटकीच्या बिल मन्रोने आपल्या बँडला 'ब्लू ग्रास बॉइज' म्हटलं, त्यावरून या संगीताला नाव मिळालं. १९३९ मध्ये हा बँड नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा वाजला. पण आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात तो आवाज जमून आला १९४५ ते १९४८ या काळात, तेव्हाच्या पाच जणांमुळे. ती माणसं कोण होती हे शोधायला लागले आणि त्यांच्या गाण्यांइतकीच त्यांच्यात गुंतले.

मन्रो घरातलं शेंडेफळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलेली, याच्या वाट्याला मॅन्डोलिन उरलं. तेही फार आवाज होऊ नये म्हणून आठांऐवजी चारच तारा लावून वाजवायचं. आईवडील लवकर गेले, तेव्हा हा पेनमामाच्या आसऱ्याला राहिला. मामा आसपासच्या गावांत नाचाच्या कार्यक्रमांना फिडल वाजवी, भाचा सोबत बसून साथ करी. आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच भागात कोळशाच्या खाणीत राबायचा. त्याच्याकडून ब्लूज कानात शिरला. चर्चमधलं अनेक आवाजांचं गाणं तर लहानपणापासूनच होतं. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज आला, नॉर्थ कॅरोलिनातल्या सूतगिरणीत काम केलेला, तीन बोटांनी बँजो असा छेडणारा की सुरांची धारच लागावी. गाणारा लेस्टर फ्लॅटही टेनेसीचा गिरणीकामगार. चबी वाइज फ्लॉरिडाचा. त्याच्या फिडलमध्ये टेक्सासकडच्या नाचगाण्याचा झोका होता. आणि ज्या बँजोवर या संगीताची ओळख टिकली, तो बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचा. हे सगळे एका मायक्रोफोनभोवती उभे राहत. एकेकाने पुढे यायचं, आपलं वाजवायचं, मागे सरायचं.

आपल्याकडे गाणारा भेटला की आपण विचारतो, कुणाकडे शिकलात? घराणं कळलं की अर्धं गाणं कळल्यासारखं वाटतं. हा प्रश्न मला आवडतो. पण बँडला तो विचारला तर जितकी माणसं तितकी उत्तरं येतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. न जुळणाऱ्या शिदोऱ्या घेऊन आलेली माणसं एकत्र बसतात कशी, हे मला बघायचं होतं. त्यासाठी दिल्लीइतकी योग्य जागा आपल्या देशात दुसरी नाही असं माझं मत आहे, कारण तिथे बहुतेक प्रत्येक जण कुठून तरी आलेला असतो.

करोल बाग हा तर त्या येण्याचाच इतिहास. नवी राजधानी बांधली गेली तेव्हा सरकारी नोकरीतले बंगाली आणि दक्षिण भारतीय इथे राहायला आले. फाळणीनंतर पंजाबातले निर्वासित आले आणि अजमल खान रोडवर त्यांनी दुकानं थाटली. शेजारच्या पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, आणि तिथल्या भाजीवाल्याशी मराठी-हिंदीची खिचडी बोलणाऱ्या बायका मला त्या सकाळीही दिसल्या. खजूर रोडला पोचले तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, वर विजेच्या तारांचा गुंता, जुन्या घरांवर मजल्यावर मजले चढलेले. कुणाच्या दारासमोर रेंगाळून आत डोकावणं मला बरं वाटेना. रस्ता टोकापर्यंत चालले, एका टपरीवर चहा घेतला आणि कानाला हेडफोन लावून 'कंदिसा' ऐकला.

'कंदिसा' हा २००० सालचा अल्बम. शेवटचं गाणं, ज्यावरून अल्बमचं नाव पडलं, ते केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, अरामी भाषेच्या कुळातली. त्याच अल्बममधलं 'हिल्ले ले' गोरख पांडे यांच्या भोजपुरी गीतावरचं, म्हणजे चळवळीच्या मोर्च्यातलं. आणि पहिलं 'मा रेवा', नर्मदेकाठच्या लोकांचं. एकाच अल्बममध्ये ही तीन गाणी एकत्र बसली, ती कुणा निर्मात्याने यादी करून बसवली नाहीत. ती त्या चौघांच्या सोबत आली.

सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती हे दोघे बंगाली, १९८० च्या दशकात एकमेकांना भेटलेले. सुश्मित गिटारवाले, पण बहुतेक गिटारवाले जसे स्वरपुंज झोडतात तसं ते करत नाहीत. त्यांची गिटार एकेक सूर उलगडत जाते, खालची एखादी तार तानपुऱ्यासारखी वाजत ठेवून. असीम तबला वाजवता वाजवता गायचे, आणि हे फार कठीण आहे. हात एका लयीत आणि गळा दुसऱ्या लयीत सोडायचा, तोही भर कार्यक्रमात. दोघंही मुख्यतः स्वतःच्या कानाने शिकलेले. १९९० मध्ये बँड उभा राहिला. 'इंडियन ओशन' हे नाव सुश्मितच्या वडिलांनी सुचवलेलं.

१९९१ मध्ये राहुल राम आले. त्यांचे वडील, प्रा. एच. वाय. मोहन राम, दिल्ली विद्यापीठातले नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, मूळचे म्हैसूरकडचे. राहुल यांनी कानपूरच्या आयआयटीत रसायनशास्त्र केलं, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि परत येऊन नर्मदा बचाओ आंदोलनात उतरले. हातात बेस गिटार आणि पाठीशी नर्मदा खोरं, असा हा माणूस बँडमध्ये आला. १९९४ मध्ये अमित किलम ड्रमवर आला, काश्मिरी पंडित कुटुंबातला. पुढे तो रेकॉर्डर वाजवू लागला आणि बाऊल गायकांची गबगुबीही. काखेत धरून तार ओढत वाजवायचं ते छोटं वाद्य.

टपरीवर ऐकताना मी एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवून होते. तबला आणि ड्रम एकाच गाण्यात कसे नांदतात? तबल्याला स्वतःचा सूर असतो, दाया षड्जाला लावलेला असतो, बोटांच्या टोकाएवढा फरक त्यात ऐकू येतो. ड्रम काठ्यांनी वाजतो आणि मनात आणलं तर तबल्याला पुरता बुडवू शकतो. अमित तसं करत नाही. असीमचा बोल यायच्या आधी तो जागा सोडतो. झांज हलकी ठेवतो. जिथे तबला थांबतो तिथेच पूर्ण ताकदीने उतरतो. राहुलचा बेस दोघांच्या मधल्या पट्टीत चालतो. हे कुठल्याही गुरूकडे शिकायला मिळत नाही, कारण तबला शिकवणाऱ्या गुरूंना ड्रमशी देणंघेणं नसतं आणि ड्रमच्या मास्तरांना तबल्याशी. ते एका खोलीत, एकमेकांसमोर बसून, अनेक वर्षांतच शिकता येतं.

'मा रेवा' मला तीनदा ऐकावंसं वाटलं. रेवा म्हणजे नर्मदा, आणि नर्मदेचं आमच्याशी नातं थेट आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं जे गाव सगळ्यांत आधी सापडलं ते मणिबेली. तेव्हा धुळे जिल्ह्यात, आता नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सत्याग्रह झाले, लोक बुडत्या घरांत बसून राहिले. आंदोलनात गाणं हे भाषणाइतकंच कामाचं असायचं. भिली, निमाडी, मराठी, हिंदी अशा सगळ्या बोलींतून लोक एकमेकांची गाणी उचलायचे. राहुल राम यांची संगीतातली खरी तालीम तिथे झाली असं मला ठामपणे वाटतं. पीएच.डी. झालेला माणूस नदीकाठच्या आयाबायांसोबत बसून गाणं घेतो, आणि ते गाणं दिल्लीच्या सभागृहात, इलेक्ट्रिक बेसवर, आपली लय न सोडता उभं राहतं. या एका गाण्यासाठी मी या बँडची कायमची ऋणी आहे.

दुपारी मेट्रोने मंडी हाऊसला गेले. नाट्यशाळा, सभागृहं, चहाच्या गाड्याभोवती मान वेळावून वाद घालणारी तरुण मुलं. इथेच सफदर हाश्मी मार्ग आहे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत कामगारांसमोर पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ 'सहमत' ही संस्था दर १ जानेवारीला कलावंतांना एकत्र बोलावते. १९९७ च्या अशाच १ जानेवारीला मंडी हाऊसजवळ उघड्यावर 'इंडियन ओशन' वाजलं आणि त्याच ध्वनिमुद्रणातून 'डेझर्ट रेन' हा अल्बम तयार झाला. स्टुडिओतला सफाईदारपणा त्यात नाही. कडाक्याच्या थंडीत बोटं आखडलेली असतील, तरी सुश्मितची गिटार कुठे अडखळत नाही.

त्या अल्बममध्ये 'बोल वीव्हिल' नावाचं गाणं आहे. बोल वीव्हिल म्हणजे कापसाच्या बोंडात शिरणारा भुंगा. तो १८९२ च्या सुमाराला मेक्सिकोतून टेक्सासमध्ये घुसला आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेतलं कापसाचं पीक त्याने पोखरून काढलं. तिथल्या काळ्या कुळांनी आणि शेतमजुरांनी त्याच्यावर गाणी रचली, आणि ती पुढे लोकगीतं म्हणून देशभर पसरली. जिथून बँजो ब्लूग्रासमध्ये आला, जिथे आर्नल्ड शुल्ट्झसारखी माणसं वाजवत होती, तेच हे गाणाऱ्यांचं जग. मी अमरावतीची. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आमच्याकडच्या कापसाचं काय केलं ते मी पाहिलंय. बोंड फोडून आतली सडलेली सरकी दाखवणारे शेतकरी पाहिलेत. कीड वेगळी, तो भुंगा आणि ही अळी, पण बोंड फोडल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं ते वेगळं नसावं. बोंडअळीवर आपल्याकडे बातम्या झाल्या, मोर्चे झाले. गाणं अजून माझ्या कानावर आलेलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी वाद्यांची दुकानं धुंडाळली. कॅनॉट प्लेसला 'रिखी राम' आहे. १९२० मध्ये लाहोरात सुरू झालेलं, फाळणीनंतर दिल्लीत आलेलं. १९६६ च्या जुलैत बीटल्स दिल्लीत उतरले तेव्हा जॉर्ज हॅरिसनने इथूनच सतार घेतली. तिथून दर्यागंज आणि नई सडक. एका छोट्या दुकानात मी बँजो आहे का विचारलं. म्हाताऱ्या दुकानदारांनी शिडीवर चढून वरून जे काढलं ते पाहून मला हसू आलं, कारण ते माझ्या ओळखीचं होतं. टाइपरायटरसारखी बटणं, खाली ताणलेल्या तारा, उजव्या हातात नखी. मुंबईत नि कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत जो बँजो वाजतो तो हाच, बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ च्या सुमाराला निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचं हे भारतीय रूप. स्क्रग्जच्या बँजोशी त्याचा काही संबंध नाही. दुकानदारांनी बसल्या बसल्या त्यावर एक जुनं फिल्मी गाणं वाजवलं आणि म्हणाले, "बेटा, हे शिकवायला मास्तर लागत नाही, कान लागतो." मी ते विकत घेतलं.

खऱ्या ब्लूग्रासपर्यंत जाणारी वाट मात्र मोहनवीणेतून जाते. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारवर जादा तारा चढवून, ती मांडीवर आडवी घेऊन, लोखंडी कांडीने मींड काढायची पद्धत बसवली. रविशंकरांचे शिष्य, त्यामुळे वाजतं ते अस्सल मैहर घराण्याचं. अमेरिकन गिटारवादक राय कूडरसोबतच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'साठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढच्या वर्षी आलेला 'बोर्बन अँड रोझवॉटर' कमी लोकांनी ऐकला. त्यात त्यांच्यासोबत जेरी डग्लस आहे, आजच्या ब्लूग्रासमधला सर्वांत मोठा डोब्रोवादक. डोब्रोही मांडीवर आडवी घेऊन कांडीनेच वाजवतात. ती अमेरिकेत घडवली स्लोव्हाकियातून आलेल्या डोपेरा बंधूंनी, आणि १९५५ मध्ये, फ्लॅट आणि स्क्रग्जनी पुढे काढलेल्या बँडमधून, ती ब्लूग्रासमध्ये शिरली. दोन्ही वाद्यांचं मूळ हवाई बेटांवरच्या गिटारीत आहे. म्हणून भट्ट आणि डग्लस समोरासमोर बसले तेव्हा त्यांना दुभाषा लागला नसावा. मींड दोघांच्याही हातात होती. पुढे २०१४ मध्ये 'इंडियन ओशन'च्या 'तंदानू' या अल्बममध्ये हेच विश्वमोहन भट्ट वाजवतात. केंटकी ते करोल बाग एवढं अंतर एका माणसाच्या हातात मावलंय.

'तंदानू'त शुभा मुद्गलही गायल्या आहेत, आणि त्यांचं नाव निघालं की दिल्लीतल्या दीनदयाळ उपाध्याय मार्गावरच्या गांधर्व महाविद्यालयाकडे वळावंच लागतं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला पहिलं गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य, शुभाताईंचे एक गुरू, ज्यांनी १९३९ मध्ये दिल्लीतलं हे विद्यालय सुरू केलं. म्हणजे मिरजेत शिकलेल्या एका मराठी माणसाचं गाणं लाहोर, पुणे असं फिरून दिल्लीत स्थिरावलं. बिल मन्रो नॅशव्हिलच्या रेडिओवर पहिल्यांदा वाजला तेही वर्ष १९३९. मी फाटकातून आत गेले तेव्हा वरच्या मजल्यावर मुलांचा पलट्यांचा वर्ग चालू होता. शिस्तीतलं शिक्षण मला प्रिय आहे. मघाशी म्हटलं ते बँडचं शिकणं याच्या विरोधात उभं करायची माझी तयारी नाही.

कारण घराण्यातली माणसंही बँडमध्ये येतात. दिल्लीच्याच 'अद्वैत' या बँडमध्ये सुहेल युसुफ खान सारंगी वाजवायचा, उस्ताद साबरी खान यांचा नातू, मुरादाबादकडच्या सारंगियांच्या घरातला. उज्ज्वल नागर हिंदुस्थानी ख्याल गाणारा, आणि त्यांच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड, ड्रम वाजवणारी मुलं. 'ग्राउंडेड इन स्पेस' (२००९) ऐकताना सारंगी कुठे शोभेपुरती ठेवलीय असं वाटत नाही. पुढे सुहेलने स्कॉटलंडचा जेम्स यॉर्कस्टन आणि बेसवादक जॉन थॉर्न यांच्यासोबत अल्बम काढले. सारंगी आणि लोकगीत गाणारा स्कॉटिश गळा, मध्ये उभा बेस. स्कॉटिश-आयरिश स्थलांतरितांचं फिडल अमेरिकेच्या डोंगरांत जाऊन ब्लूग्रास झालं. त्याच घरची गाणी इथे सारंगीपाशी येऊन बसलीत. गज तोच, फक्त सारंगीवर बोटाचं पेर दाबत नाहीत, नखाच्या मुळाने तार अडवतात.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्या जागी बँडला दोन माणसं घ्यावी लागली : तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गाण्याला हिमांशू जोशी. २०१३ मध्ये सुश्मित बाहेर पडले, गिटारवर निखिल राव आले. २०२३ मध्ये 'तू है' हा अल्बम आला. आवाज बदलला आहे, आणि बदलायलाच हवा होता. नव्या माणसांना जुन्यांचं वाजवायला लावलं असतं तर त्यांचं स्वतःचं कुठे गेलं असतं?

परतीच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीच्या मुलाने गुरुग्रामला बोलावलं. यलो लाइनने शेवटच्या स्टेशनपर्यंत, तिथून रिक्षा. एका व्यापारी इमारतीच्या तळघरात तासावर भाड्याने मिळणारी तालमीची खोली. भिंतींना फोम, ड्रमचा संच तिथलाच, बाकी वाद्यं ज्याची त्याने आणायची. पाच जण होते, सगळे दिवसा कंपन्यांत नोकरी करणारे. गाणारी मुलगी शिलाँगची, चर्चच्या गायनवृंदात वाढलेली. ढोलकवाल्याचे वडील लुधियान्याला जागरणांत वाजवतात. मॅन्डोलिन हातात असलेला मुलगा इंटरनेटवर बघून शिकलेला, आणि बिल मन्रोचं नाव घेतल्यावर त्याने न बोलता एक तुकडा वाजवून दाखवला. "आंटी, तुम्ही कुठल्या?" त्याने विचारलं. मी अमरावती म्हटलं, आणि पिशवीतून बुलबुल तरंग काढून त्याच्यापुढे ठेवला. ढोलकवाला ओरडला, हे तर आमच्या चाचांकडे आहे! मग बराच वेळ त्यांनी आपलं ठरलेलं गाणं सोडून तेच वाजवून पाहिलं. मुलगी वरून खासी भाषेत काहीतरी गात राहिली, लय दोनदा मोडली, तिसऱ्यांदा धरली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. त्यांची वेळ संपली होती आणि बाहेर दुसरा बँड गिटारी पाठीला लावून उभा होता. त्यांनी फोनवर भाड्याची पाच जणांत वाटणी केली, तारा गुंडाळल्या आणि जिन्यावर उभं राहून पुढच्या आठवड्यात किती तास परवडतील याचा हिशेब करू लागले.